आपत्तीच्या चौकशीत या चुका टाळा

महापूर, भूकंप किंवा वादळानंतर सरकार चौकशी समिती नेमतं. पुष्कळदा पहिली चूक नेमणुकीच्या आदेशातच होऊन बसते. कार्यकक्षेत, म्हणजे समितीने काय तपासायचं ते सांगणाऱ्या मजकुरात, ‘अतिवृष्टीची कारणे शोधावीत’ असं लिहिलं, की अहवाल ढगांबद्दल येतो. माणसं का गेली, घरं का पडली, हे कुणी विचारत नाही. २०१० मधले दोन भूकंप शेजारी ठेवून पाहा. जानेवारीत हैतीत ७.० तीव्रतेचा धक्का बसला आणि लाखाहून अधिक माणसं दगावली. फेब्रुवारीत चिलीत ८.८ तीव्रतेचा धक्का बसला; तिथले मृत्यू सुमारे ५२५. हैतीचा भूकंप राजधानीच्या अगदी जवळ झाला, हे खरं. पण चिलीत भूकंपरोधक बांधकामाचे नियम होते आणि ते पाळलेही जात होते. म्हणून कार्यकक्षेत ‘हानीची कारणे’ हे शब्द हवेतच.

‘अभूतपूर्व’ हा शब्द तपासल्याशिवाय अहवालात घेऊ नका. २००५ मध्ये कॅटरिना वादळात अमेरिकेतलं न्यू ऑर्लिन्स शहर बुडालं. पाणी पूरभिंतींवरून वाहिलं म्हणून शहर बुडालं, असा समज सुरुवातीला होता. तपासात दिसलं की काही कालव्यांच्या भिंती पाणी माथ्याला पोचण्याआधीच फुटल्या होत्या. खालची माती कमकुवत होती आणि आराखड्यात ते नीट धरलेलं नव्हतं. २०११ च्या त्सुनामीनंतर फुकुशिमात झालेल्या अणुदुर्घटनेबाबत जपानी संसदेच्या आयोगाने २०१२ मध्ये ती मानवनिर्मित असल्याचं स्पष्ट म्हटलं. त्सुनामीचं निमित्त पुढे करणाऱ्यांना त्या आयोगाने पाठीशी घातलं नाही, याचा मला फार आदर वाटतो.

पुराव्याच्या बाबतीत होणारी चूक नंतर दुरुस्त होत नाही. जीव वाचवणं आधी, यात वाद नाही. पण शोधकार्य संपताच ढिगारा ट्रकमध्ये भरून नेला, तर काँक्रीटचे नमुने, सळयांची जाडी, मातीचा थर सगळं त्याबरोबर जातं. भिंतींवरच्या पुराच्या खुणा पुढच्या पावसात धुऊन जातात. म्हणून समितीची वाट न पाहता पहिल्याच आठवड्यात फोटो काढा, खुणांची उंची मोजा, नमुने जपा. धरणाच्या दरवाजांच्या आणि नियंत्रण कक्षाच्या नोंदवह्या सील करा. इशारा किती वाजता निघाला आणि गावात किती वाजता पोचला, या दोन वेळा मिळाल्या तर निम्मी चौकशी झाली समजा.

ज्या खात्याने बांधलं, त्याच खात्याकडे तपास सोपवू नका. न्यू ऑर्लिन्समध्ये पूरभिंती बांधणाऱ्या लष्करी अभियंता विभागाने स्वतःचा तपास केला, पण विद्यापीठातल्या तज्ज्ञांचा वेगळा गटही काम करत होता. त्यामुळे निष्कर्ष ताडून पाहता आले.

एखाद्या कनिष्ठ अधिकाऱ्याला निलंबित करून फाइल बंद करणं ही तर सर्रास होणारी चूक. पूररेषेत बांधकामाची परवानगी कुणी, कोणत्या नियमाखाली दिली, हा माग वरपर्यंत काढावा लागतो.

आणि शिफारशींचं काय? ‘समन्वय वाढवावा’ असल्या वाक्यातून काहीच निष्पन्न होत नाही. प्रत्येक शिफारशीपुढे जबाबदार पद आणि मुदत लिहा. ऑस्ट्रेलियात व्हिक्टोरियातल्या २००९ च्या वणव्यांत १७३ जण गेले. तिथल्या आयोगाने पुढच्या उन्हाळ्याआधीच अंतरिम अहवाल दिला, २०१० मध्ये ६७ शिफारशी केल्या, आणि त्यांची अंमलबजावणी तपासायला सरकारने स्वतंत्र निरीक्षक नेमला.