थिबा पॅलेस आणि गणपतीपुळे एका दिवसात

कोल्हापुरातून टूरवाल्याकडे बुकिंग करताना आधी कार्यक्रमपत्रिका वाचा. त्यात सकाळी ‘न्यू पॅलेस’ घातला असेल तर काढायला सांगा. १८८४ साली पूर्ण झालेला तो राजवाडा आपल्या गावातलाच, कधीही बघता येतो. त्यात दोन तास गेले की रत्नागिरी गाठेपर्यंत दुपार. पहाटे पाचला निघा, रस्ता सुमारे १३० किलोमीटर. सोमवार टाळा, थिबा पॅलेसमधलं संग्रहालय त्या दिवशी बंद असतं.

या वाड्याला मात्र निवांत तासभर द्या. इंग्रजांनी १८८५ साली पदच्युत केलेला ब्रह्मदेशचा राजा थिबा रत्नागिरीत नजरकैदेत होता. हा तीन मजली वाडा त्याच्यासाठी १९१०च्या सुमारास बांधला, आणि १९१६ मध्ये तो वारला. म्हणजे हक्काचं घर जेमतेम सहा वर्षं! लाकडी कमानदार खिडक्या सावकाश बघा. गाईड घाई करेल, करू दे.

पुढे गणपतीपुळ्याला महामार्गाने नको, आरे-वारेच्या किनाऱ्याने न्यायला सांगा. पुळ्याच्या समुद्रात पोहायला उतरू नका, ओढ फसवी आहे. चारला परत फिरा. आंबा घाट उजेडात, पावसाळ्यात तर धुकं दाटायच्या आत ओलांडलेला बरा.