माहेरी गेलेल्या बाळंतिणीचं बाळ यादीतून सुटू नये म्हणून

जव्हार तालुक्यात मी गटप्रवर्तक आहे, म्हणजे गावोगावच्या आशांच्या कामावर देखरेख ठेवते. बाळंतपणानंतर घरी जाऊन बाळ तपासायच्या भेटींसाठी माझ्या आशा पाड्यापाड्यांवर फिरतात, तरी दर महिन्याला एक-दोन बाळं भेटीविना राहायची. पहिलटकरीण माहेरी जाते. सासरची आशा वहीत ‘माहेरी गेली’ लिहिते आणि माहेरच्या आशेच्या यादीत तिचं नावच नसतं. असंच एक 1900 ग्रॅमचं बाळ अकराव्या दिवशी दूध ओढेनासं झालं. घरच्यांनी तेराव्या दिवशी दवाखान्यात नेलं. वाचलं, पण नऊ दिवस काचेच्या पेटीत होतं.

आता सातवा महिना लागला की आशाताई विचारतेच, “बाळंतपण कुठे?” गाव, पाडा, आईचा किंवा भावाचा फोन लिहून घ्या. फक्त नवऱ्याचा नंबर पुरत नाही. दिवाळीनंतर तो भिवंडीकडच्या वीटभट्टीवर असतो. त्याच दिवशी माहेरच्या आशेला फोन करा. ती कोण हे माहीत नसेल तर तिथल्या उपकेंद्रातल्या नर्सताई सांगतात. सगळ्या भेटींचे 250 रुपये भेटी देणाऱ्या आशेलाच, हेही तेव्हाच बोलून घ्या. पैशाचं बोलणं टाळलं की भेटी राहतात, हे मी पाहिलंय.

दवाखान्यात बाळंतपण झालं तर 3, 7, 14, 21, 28 आणि 42व्या दिवशी भेट; घरी झालं तर पहिल्या दिवशीही. नव्या आशेबरोबर पहिल्या भेटीला मी स्वतः जाते. हात धुवायचे, बाळ शांत असताना दुपटं बाजूला करायचं आणि पोट वर-खाली होताना पूर्ण मिनिटभर श्वास मोजायचे. अर्धं मिनिट मोजून दुप्पट करू नका. एवढ्याशा बाळाचा श्वास एका लयीत नसतो. 60 किंवा जास्त भरले तर पुन्हा मोजा. तेवढेच आले, छाती आत ओढली जात असली किंवा बाळ दूध ओढत नसलं, तर लगेच रुग्णवाहिकेसाठी 102ला फोन करा. गाडी येईपर्यंत बाळ आईच्या उघड्या छातीशी, वरून गोधडी.

गडचिरोलीत डॉ. राणी आणि डॉ. अभय बंग यांच्या ‘सर्च’ने 1995पासून 39 गावांत गावातल्याच बायकांना हे शिकवलं. तिसऱ्या वर्षी तिथले नवजात मृत्यू 62 टक्क्यांनी कमी झाले होते. नवीन आशेला मी हे आवर्जून सांगते, कारण मिनिटभर श्वास मोजणं तिला आधी किरकोळ वाटतं.

महिन्याच्या बैठकीत मी वह्या तपासते. ‘माहेरी गेली’च्या पुढे तिथल्या आशेचं नाव आणि झालेल्या भेटींच्या तारखा नसतील, तर फोन तिथेच, माझ्यासमोर लावायचा.