हॉस्पिटलात नवीन ॲप किंवा एआय घेताय? आधी एवढं करा

छोट्या हॉस्पिटलात सॉफ्टवेअर घेताना सगळी घासाघीस किमतीवर होते आणि त्याच्यामुळे पेशंटचं काही बरंवाईट झालं तर उत्तर कोण देणार हे कुणी विचारतच नाही. म्हणून पहिलं काम हेच, एका डॉक्टरचं नाव कागदावर घाला, आणि "हे आजपासून बंद" म्हणायचा अधिकार त्याच कागदावर त्यांना द्या. मोठी समिती नसली तरी चालेल, डॉक्टर, एक सिस्टर आणि कॉम्प्युटर बघणारं कुणीतरी असे महिन्यातून एकदा बसले तरी पुष्कळ झालं.

मग वस्तू काय आहे ते बघा. अपॉइंटमेंट आणि बिलापुरतं असेल तर गोष्ट वेगळी, पण एक्सरे वाचतो, आजार ओळखतो म्हणत असतील तर २०२० पासून असं सॉफ्टवेअरही कायद्याने मेडिकल डिव्हाइसमध्ये येतं, तेव्हा क्लास (धोक्यानुसार ठरलेला वर्ग) कुठला आणि लायसन्स कशासाठी मिळालंय ते कागदावर मागा. "प्रोसेस चालू आहे" म्हणाले तर थांबा. आणि एआयने परस्पर औषध लिहून द्यायचं नाही, २०२० च्या टेलिमेडिसिन (फोन-व्हिडिओवरून उपचार) गाइडलाइनमध्ये हे स्पष्ट आहे, मदत घ्या पण प्रिस्क्रिप्शन डॉक्टरचंच.

आता सगळ्यात महत्त्वाचं, आपल्या पेशंटवर तपासणी. टीबीचंच घ्या. डब्ल्यूएचओने २०२१ मध्ये १५ वर्षं आणि पुढच्या लोकांच्या स्क्रीनिंगसाठी एक्सरे वाचणारं सॉफ्टवेअर चालेल असं सांगितलं, म्हणजे लहान मुलांच्या एक्सरेसाठी या सॉफ्टवेअरवर भरवसा ठेवू नका, आणि सॉफ्टवेअरने किती स्कोअर दिला की थुंकी तपासायला पाठवायचं हा आकडा सगळीकडे एकच चालत नाही. ज्यांना आधी टीबी होऊन गेलाय किंवा दगडखाणीत काम करून ज्यांची फुफ्फुसं खराब झालीत त्यांच्या एक्सरेत जुने डाग असतात, तिथे मशीन उगाच टीबी सांगू शकतं. त्यामुळे सुरुवातीला काही आठवडे डॉक्टर आणि मशीन दोघांचं वाचन वेगवेगळं चालवा, डॉक्टरने मशीनचं उत्तर न बघता वाचायचं, मग थुंकीच्या रिपोर्टशी ताडायचं. यात मशीनने सोडलेल्या केसेस वेगळ्या मोजा, कारण उगाच पाठवलेल्याची एक तपासणी जास्त होते पण सुटलेला माणूस खोकत घरी जातो आणि घरात लहान पोरं असतात. कंपनीचा "९५ टक्के अचूक" वाला आकडा कुठल्या लोकांवरचा आहे तेही विचाराच.

संमतीचं बघा. रिसेप्शनवर गर्दीत "ओटीपी सांगा" म्हटलं आणि आभा (सरकारी डिजिटल आरोग्य खातं) उघडून टाकलं, ही संमती नाही हो! १४ आकडी आभा नंबर ऐच्छिक आहे, तो नाही म्हणून कुणाला ओपीडीतून परत पाठवू नका. कुठले रिपोर्ट, कुणाला, किती दिवस दिसणार आणि नको वाटलं तर बंद करता येतं, हे साध्या मराठीत दोन मिनिटं सांगायला एक माणूस ठेवा, विशेषतः म्हाताऱ्या माणसांसाठी.

रिपोर्ट स्टाफच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकणं आणि सगळ्यांचा मिळून एक पासवर्ड, दोन्ही बंद करा. २०२३ च्या डेटा संरक्षण कायद्यात माहिती नीट सांभाळली नाही तर २५० कोटींपर्यंत दंड आहे. नोव्हेंबर २०२२ मध्ये दिल्लीच्या एम्सवर सायबर हल्ला झाला आणि एवढ्या मोठ्या ठिकाणी कितीतरी दिवस हाताने केसपेपर लिहावे लागले, तेव्हा बॅकअप वेगळ्या जागी ठेवा, आणि अधूनमधून एखादा दिवस कागदावर ओपीडी चालवून बघा.

करारात तीन गोष्टी लिहून घ्या. सोडताना सगळा डेटा वापरता येईल अशा स्वरूपात परत, आमच्या पेशंटचा डेटा विचारल्याशिवाय एआय शिकवायला वापरायचा नाही, आणि व्हर्जन बदलण्याआधी कळवायचं. नवीन व्हर्जन आलं की निकाल माहीत असलेले जुने शंभर एक्सरे पुन्हा टाकून बघा, आधी पकडलेली केस आता सुटली तर नाव घातलेल्या डॉक्टरांनी त्याच दिवशी ते थांबवायचं.