कार्डाचं व्याज कमी करून मागताना या चुका टाळा

क्रेडिट कार्डाचा व्याजदर मागितला तर कमी होऊ शकतो. पण बहुतेक जण कस्टमर केअरला फोन लावून "काहीतरी कमी करा ना" एवढंच म्हणतात. पलीकडचा "विनंती नोंदवतो" म्हणतो आणि विषय तिथेच संपतो.

कारण आपला दर किती, हेच माहीत नसतं. स्टेटमेंटवर महिन्याचे ३ टक्के वाचून किरकोळ वाटतं. त्याचे वर्षाचे ३६ होतात आणि व्याजावरचं व्याज धरलं तर साडेबेचाळीसच्या वर. १ लाख थकले असतील तर महिन्याचं व्याजच ३ हजार. किमान रक्कम ५ टक्के असेल आणि तेवढीच भरली, तर ५ हजारांतले जास्तीत जास्त २ हजार मुद्दलात जातात. मी हा हिशेब आधी कागदावर मांडतो आणि मग नेमकं मागतो: "महिना २ टक्के करून द्या."

ईएमआयलाच, म्हणजे थकबाकीचे मासिक हप्ते पाडून घेण्यालाच, व्याजकपात समजणं, ही चूक मला सगळ्यात जास्त खुपते. माझ्या धाकट्या भावानं माझ्यासमोरच फोन लावला होता, स्पीकरवर. "सर, छत्तीसवरून थेट बारावर आणते," असं ऐकल्याबरोबर तो हो म्हणून मोकळा झाला. मी हातानं थांब म्हणत होतो, तोवर होकार नोंदवला गेला होता. ईमेल आला तेव्हा कळलं, थकबाकीचे १२ हप्ते पाडलेत आणि दर १२ टक्के फ्लॅट आहे. मुद्दल दर महिन्याला उतरतं, पण व्याज मात्र वर्षभर मूळ रकमेवरच लागतं. घटत्या शिल्लकीवर मोजलं तर तो दर साडेएकवीसच्या आसपास जातो. छत्तीसपेक्षा कमी, हे कबूल. पण वर प्रोसेसिंग फी होती आणि कार्डाचा मूळ दर तसाच राहिला. चार महिन्यांत पैसे हाती येणार होते, म्हणून त्यानं खातं मिटवायला घेतलं, तर मुदतीआधी फेडल्याचा दंडही लागला. पाच मिनिटांच्या घाईचा हा खर्च.

म्हणून मी तीन गोष्टी विचारतो: फ्लॅट की घटत्या शिल्लकीवर? फी किती? आधी फेडलं तर दंड किती? उत्तरं ईमेलवर मागवतो आणि होकार दुसऱ्या दिवशी देतो. "ऑफर आजच संपते" असं ऐकलं तर फोन ठेवतो.

गेल्याच महिन्यात हप्ता चुकवून आज सवलत मागू नका. आधी सहा महिने वेळेवर भरा. हे कुणाला आवडत नाही, पण मागताना हाताशी दाखवायला तेच असतं.

सेटलमेंट म्हणजे व्याजकपात नव्हे. त्यात बँक थकबाकीतली काही रक्कम सोडते, पण क्रेडिट रिपोर्टवर, म्हणजे तुमच्या कर्जफेडीच्या नोंदींवर, 'सेटल्ड' अशी नोंद पडते आणि पुढचं कर्ज अडतं.

बोलणी चालू असताना कार्ड वापरू नका. थकबाकी पुढे ओढली की साधारणपणे नव्या खरेदीला बिनव्याजी मुदत मिळत नाही. बॅलन्स ट्रान्सफर घेताना, म्हणजे थकबाकी सवलतीच्या दरानं दुसऱ्या कार्डावर हलवताना, सवलतीची मुदत संपल्यावरचा दर आधी विचारा.

एकदा नकार आला म्हणून सोडून देऊ नका. वरिष्ठांशी बोलायचंय म्हणा. तारीख, बोलणाऱ्याचं नाव आणि तक्रार क्रमांक वहीत लिहून ठेवा. दर कमी झाला असं सांगितलं, तरी पुढच्या स्टेटमेंटवर नवा आकडा छापलाय का, ते बघा. नसेल तर वही समोर ठेवून पुन्हा फोन लावा.