हॉस्टेलच्या वायफायचा कोटा दुपारीच संपतो तेव्हा

नेरूळ-खारघरकडच्या हॉस्टेलात लॉगिनमागे रोज 2 जीबी मिळतात असं धरू. लेक्चरहून परत येईपर्यंत कोटा साफ! शेजारच्याने पासवर्ड ढापला असा संशय घेण्याआधी आपल्याच यंत्रांची झडती घ्या. वायफाय म्हणजे फुकट, असं लॅपटॉप आणि फोन दोघंही गृहीत धरतात. निम्मा घोळ तिथेच आहे.

विंडोज 11मध्ये सेटिंग्ज, नेटवर्क अँड इंटरनेट, ॲडव्हान्स्ड नेटवर्क सेटिंग्ज, डेटा युसेज असं जा. कुठल्या ॲपने किती खाल्लं ते दिसेल. मग त्याच वायफायच्या प्रॉपर्टीजमध्ये 'मीटर्ड कनेक्शन' (म्हणजे इथे डेटा मोजून मिळतो, अशी खूण) चालू करा. बहुतेक अपडेट आपोआप उतरायचे थांबतात, वनड्राइव्हचं सिंकही थबकतं. ही खूण त्या एका नेटवर्कपुरतीच असते, त्यामुळे घरच्या वायफायवर अपडेट नीट होतात. सुटीत घरी गेलात की ते उरकून घ्या, कायमचे टाळू नका. विंडोज अपडेटच्या ॲडव्हान्स्ड ऑप्शन्समध्ये 'डिलिव्हरी ऑप्टिमायझेशन' असतं, तेही बंद करा. नाहीतर तुमचं मशीन इतरांना अपडेटचे तुकडे वाटत बसू शकतं, आणि पोर्टल (हॉस्टेलच्या वायफायचं लॉगिन पान) अपलोडही मोजत असेल तर तो खर्च तुमच्या नावावर.

अँड्रॉइडवरही त्या वायफायला मीटर्ड ठरवता येतं. गुगल फोटोजचा बॅकअप, प्ले स्टोअरचे ऑटो-अपडेट आणि व्हॉट्सॲपचं मीडिया ऑटो-डाउनलोड मात्र हाताने बंद केलेलं बरं.

लेक्चरच्या व्हिडिओला 480पी पुरतं, फळा व्यवस्थित वाचता येतो. 1080पीला त्याच्या तिप्पट किंवा जास्तही डेटा लागतो. एनपीटेलची (आयआयटींच्या ऑनलाइन लेक्चरांची) मालिका सगळ्यांनाच हवी असेल तर एकाने उतरवावी आणि पेनड्राइव्ह फिरवावा.

उबुंटूच्या आयएसओसारखी (ऑपरेटिंग सिस्टिम बसवायची फाइल) 5-6 जीबीची फाइल 'रिझ्युम' (थांबलं तिथून पुढे सुरू) करणाऱ्या डाउनलोड मॅनेजरने तीन दिवसांत उतरवा. लिंक लॉगिनवाली असेल तर दुसऱ्या दिवशी ती मेलेली असते, त्यामुळे थेट लिंक घ्या. शेवटी फाइलचा एसएचए-256 (फाइल बिनचूक उतरली का ते तपासायचा कोड) साइटवरच्याशी जुळवून पाहा.

कोटा शिल्लक असूनही वेग नाही? 100 एमबीपीएसची लाइन रात्री दहाला 200 जणांत वाटली तर वाट्याला अर्धा एमबीपीएस येतो, म्हणजे सेकंदाला 60-62 किलोबाइट. यावर सेटिंग नाही. पहाटेचा अलार्म लावा.

व्हीपीएनने (दुसऱ्या सर्व्हरमार्गे जाणाऱ्या गुप्त जोडणीने) कोटा वाचत नाही, उलट थोडा जास्तच जातो. मॅक ॲड्रेस (यंत्राचा नेटवर्कवरचा ओळख क्रमांक) बदलून दुसऱ्याच्या नावावर शिरण्याच्या फंदात पडू नका, लॉगमध्ये सापडतं. पण कॉलेजने तुमचा मॅक नोंदवला असेल तर फोनमधला 'रँडम मॅक' (खऱ्याऐवजी बनवलेला मॅक दाखवणारी सोय) बंद करावा लागतो, नाहीतर पोर्टल ओळखच दाखवत नाही. लॅबच्या मशीनवरून उठताना पोर्टलमधून लॉगआउट करा. ब्राउझर बंद केला म्हणजे सेशन संपलं असं नसतं, पुढचा बसणारा तुमच्या खात्यावर चरतो.

एवढं करूनही आकडे जुळत नसतील तर नेटवर्क ॲडमिनला मेल करा: तारीख, वेळ, पोर्टलचा आकडा, विंडोजचा आकडा आणि मॅक ॲड्रेस. 'सर, नेट स्लो आहे' एवढ्यावर ते काहीच शोधू शकत नाहीत.