पिवळं पान जुनं की नवं, ते आधी बघा

माशांच्या टाकीतली झाडं पिवळी पडली की हाताशी असेल ते खत ओतलं जातं. त्याआधी नेमकं कुठलं पान बिघडलंय ते काचेजवळ जाऊन बघा.

१. खालची जुनी पानं सरसकट पिवळी: नायट्रोजन कमी. पाण्यातलं नायट्रेट (नायट्रोजनचं संयुग) तपासा, १० ते २० पीपीएम (लिटरमागे मिलीग्रॅम) पुरे.
२. जुन्या पानांवर टाचणीच्या टोकाएवढी भोकं, भोवती पिवळी कड: बहुधा पोटॅशियम.
३. शेंड्याची कोवळी पानं फिकट, शिरा मात्र हिरव्या: लोह.

एका वेळी एकच खत वाढवा आणि दहा-बारा दिवस थांबा. बिघडलेलं पान सहसा सुधारत नाही, ते कापून टाका. नवा फुटवा कसा येतो ते बघा.

कुंडीतला युरिया किंवा डीएपी (डायअमोनियम फॉस्फेट) मात्र टाकीत कधीच नको. त्यातून अमोनिया वाढतो आणि मासे दगावतात.