वेंधळ्या मुलाला माध्यमिक शाळेत रुळवताना

प्राथमिक शाळेत मुलाचा विसरभोळेपणा बराचसा झाकला जातो, कारण दिवसाचा मोठा भाग एकाच शिक्षकांच्या नजरेखाली जातो आणि कोणाची वही हमखास घरी राहते, कोणाला फळ्यावरचे उतरवून घे म्हणून दोनदा सांगावे लागते, हे त्या शिक्षकांना पाठ झालेले असते. माध्यमिक शाळेत हा आधार एकाएकी सुटतो. विषयागणिक शिक्षक वेगळे, प्रत्येकाची गृहपाठ देण्याची रीत निराळी, एकाला काम उद्याच हवे तर दुसऱ्याला पुढच्या आठवड्यात. त्यातच काही शाळांत तासागणिक वर्गही बदलावा लागतो. मूल तेच असते, व्याप मात्र कितीतरी वाढलेला असतो. म्हणूनच पहिल्या महिन्यात घोळ वाढलेला दिसला, तर मूल बेफिकीर झाले असा निष्कर्ष काढण्याची घाई करू नये.

कामांचा क्रम लावणे, वेळेवर सुरुवात करणे, हातातले सोडून दुसऱ्या कामाकडे वळणे ही कौशल्ये मेंदूच्या पुढच्या भागावर मोठ्या प्रमाणात अवलंबून असतात आणि त्या भागाची वाढ पूर्ण व्हायला वयाची विशी उलटून पुढे काही वर्षे जावी लागतात. 11-12 वर्षांच्या मुलाला ‘नीट लक्षात ठेव’ असे बजावणे त्यामुळे फारसे उपयोगी पडत नाही. ज्या गोष्टीत ते कमी पडते, तीच आपण त्याच्याकडे मागत असतो. जे डोक्यात राहत नाही ते कागदावर, रंगात आणि ठरलेल्या जागेत मांडून ठेवणे, हाच त्यावरचा व्यवहार्य उपाय आहे.

सुरुवात दप्तरापासून करावी. प्रत्येक विषयाला एक रंग ठरवून वहीचे कव्हर, पुस्तकाच्या पाठीवरची पट्टी आणि वेळापत्रकातला चौकोन त्याच रंगाचा ठेवला, की नावे वाचत बसावे लागत नाही. सुटे कागद हा वेंधळ्या मुलाचा खरा शत्रू असतो. त्यांच्यासाठी दोन कप्प्यांचे एकच फोल्डर द्यावे. एका कप्प्यावर ‘घरी न्यायचे’ आणि दुसऱ्यावर ‘शाळेत द्यायचे’ असे ठळक लिहावे. विषयवार सहा फोल्डर दिसायला देखणे असतात, पण तास संपल्याची घंटा वाजत असताना त्यांतले योग्य ते शोधून काढण्याइतकी सवड आणि शांतपणा या मुलांकडे नसतो. वेळापत्रकाच्या दोन प्रती कराव्यात. एक दप्तरात राहील. दुसरी जिथे दप्तर भरले जाते तिथे भिंतीवर लावावी आणि तिच्यात त्या दिवशी न्यायच्या वस्तूही लिहाव्यात. ‘बुधवार: विज्ञान’ एवढ्याने भागत नाही, ‘बुधवार: विज्ञानाची वही, प्रयोगवही, खेळाचे बूट’ असे लिहिले तर मुलाला आठवावे लागत नाही, फक्त वाचावे लागते.

गृहपाठाच्या बाबतीत पालकांची सर्वाधिक चिडचिड होते, म्हणून तिथे थोडे थांबून पाहावे. ‘गृहपाठ केला नाही’ हे आपण एक वाक्य म्हणून बोलतो, पण त्यात किमान सात पायऱ्या असतात: सूचना ऐकणे, ती लिहून घेणे, लागणारे पुस्तक घरी आणणे, कामाला बसणे, ते पूर्ण करणे, परत दप्तरात ठेवणे आणि शिक्षकांच्या हातात देणे. यांपैकी एक निखळली तरी शिक्षकांच्या नोंदीत शेरा एकच पडतो. आठवडाभर कसलीही दटावणी न करता नेमकी कोणती पायरी निसटते, एवढेच टिपून ठेवावे. अनेकदा नवल वाटेल असा प्रकार उघडकीस येतो: निबंध पूर्ण लिहिलेला असतो, चांगलाही असतो, आणि आठ दिवसांनी दप्तराच्या तळाशी चेपलेल्या डब्याखाली, एका कोपऱ्यावर तेलाचा डाग घेऊन सापडतो. अशा मुलाला रात्री आणखी तासभर अभ्यासाला बसवून काय साधणार? त्याची शेवटची पायरी दुरुस्त करायला हवी, आणि ‘वर्गात जागेवर बसलो की आधी फोल्डर बाकावर काढायचे’ असा एकच ठरीव संकेत ती बऱ्यापैकी दुरुस्त करतो. ‘अमुक झाले की तमुक करायचे’ अशी जोडणी आधीच करून ठेवली, तर ‘आठवणीने दे’ या मोघम उपदेशापेक्षा ती अधिक टिकते.

लिहून घेण्याची पायरी निसटत असेल तर रोजनिशी एकच असावी आणि नोंद तोकडी चालावी. विषय, पान, तारीख इतके पुरे. तारीख मात्र काम दिल्याची नको, द्यायच्या दिवसाची हवी, आणि नोंदही त्याच दिवसाच्या पानावर करावी. मोठा प्रकल्प असेल तर त्याच्या आदल्या दिवसांच्या पानांवर ‘माहिती गोळा’, ‘कच्चे लेखन’, ‘चित्रे’ असे तुकडे पेरून ठेवावेत. वेळेचा अंदाज चुकणे हा तर मोठ्यांचाही दोष आहे. वेंधळ्या मुलाच्या बाबतीत तो दुणावतो. काम सुरू करण्याआधी ‘किती वेळ लागेल?’ असे विचारून उत्तर कोपऱ्यात लिहायला लावावे आणि संपल्यावर खरा वेळ शेजारी लिहावा. आपण त्यावर काही बोलू नये, आकडे पुरेसे बोलतात.

दप्तर रात्रीच भरावे, सकाळी नाही, आणि भरलेले दप्तर दाराजवळच्या ठरलेल्या जागी ठेवावे. भरणारे हात मुलाचे असावेत. आपण जवळ बसून आपले काही काम करत राहावे, कारण शेजारी कोणी शांतपणे बसलेले असले की अशा मुलांना काम धरून ठेवणे सोपे जाते. आठवड्यातून एकदा सगळे दप्तर जमिनीवर रिकामे करून कागदांचे तीन ढीग करावेत: शाळेत न्यायचे, घरी ठेवायचे, फेकायचे. सुरुवातीला याला अर्धा तास लागतो, पुढे दहा मिनिटे पुरतात. झोपेकडे दुर्लक्ष करू नये; 12 वर्षांपर्यंतच्या मुलांना 9 ते 12 तास आणि त्यापुढच्या किशोरांना 8 ते 10 तास झोप लागते, आणि ती अपुरी राहिली की वरच्या सगळ्या व्यवस्थेचा बोजवारा उडतो.

वर्गशिक्षकांना पहिल्या काही आठवड्यांतच भेटावे. तक्रार किंवा सवलतीची मागणी घेऊन जाण्याऐवजी एकच नेमकी विनंती न्यावी, उदाहरणार्थ, गृहपाठ तोंडी सांगण्याबरोबर फळ्यावरही लिहिला जावा. ही अडचण फक्त शाळेत नसून घरीही पूर्वीपासून असेल, दोन-तीन महिने व्यवस्था लावूनही काहीच हलत नसेल, किंवा मूल शाळेच्या नावानेच कासावीस होत असेल, तर बालरोगतज्ज्ञांचा किंवा शाळेतील समुपदेशकांचा सल्ला घ्यावा. लक्ष टिकवण्यातील किंवा वाचन-लेखनातील विशिष्ट अडचण यामागे असू शकते.

मदत काढून घेणेही पायरीपायरीने व्हावे. पहिल्या महिन्यात यादी आपण वाचावी आणि मुलाने भरावे. पुढे त्याने वाचून भरावे, आपण फक्त ‘यादी पाहिलीस का?’ असे विचारावे. त्यानंतर तेही विचारू नये आणि आठवड्याच्या आवराआवरीपुरतेच सोबत राहावे. एका वेळी एकच पायरी सोडावी, आणि परीक्षेच्या आठवड्यात कोणतीही सोडू नये. मधेच एखाद्या सकाळी भूगोलाची वही टेबलावर राहिलेली दिसेल. एखादी वही राहिल्याने होणारे नुकसान किरकोळ असते, तेव्हा ती घेऊन शाळेपर्यंत धावू नये. संध्याकाळी मूल परतले की यादीत वहीचे नाव होते का, एवढे दोघांनी मिळून पाहावे आणि नसेल तर त्याच्याच हाताने ते लिहवून घ्यावे.